पद्मिनीचा जुना रंग काढायचाय? आधी पत्रा बघा, मग पद्धत ठरवा

प्रीमियर पद्मिनी रिस्टोर करायला घेतली की पहिला प्रश्न हाच येतो, रंग काढायचा कशाने, पेंट रिमूव्हर, सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळू मारणं) की सरळ ग्राइंडर? माझं मत विचाराल तर अख्ख्या गाडीला एकच पद्धत लावायचीच नाही. फ्लोअरला जे चालतं त्यानं बॉनेटची वाट लागते.

आधी गाडीवर काय काय चढलंय ते बघा. पद्मिनी बनायची बंद झाली २००० च्या आसपास, म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता २५ वर्षांची, आणि मधल्या काळात तिला कोणी ना कोणी रंग मारलेला असतोच. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेवर, मडगार्डवर फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली लांबी (म्हणजे पुट्टी) भरलीय किंवा पत्राच सडलाय. मग कापसावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासा. रंग कापसावर उतरला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज, नुसता हवेवर वाळणारा रंग) वगैरे, रिमूव्हरने पटकन निघेल. नाही उतरला तर टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग) किंवा भट्टीत भाजलेला रंग, तिथे जरा दम धरावा लागतो.

बॉनेट, टप, दरवाजे, डिकीचं झाकण, हे मोठे सपाट पत्रे. इथे रिमूव्हर बेस्ट. आधी ८० नंबरच्या पेपरने रंगावर ओरखडे काढा म्हणजे माल आत शिरतो, ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा, पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नका, आणि वरून प्लास्टिकचा कागद टाका नाहीतर उन्हावाऱ्याने वाळून जातो. रंगाला सुरकुत्या पडून तो फुगला की बोथट पट्टीने खरवडा, टोकदार पट्टीने पत्र्यावर चरे पडतात ते नंतर लांबीनेच भरावे लागतात. कडा आणि जोड मात्र टेप लावून सोडा, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये रिमूव्हर शिरला की तो काही महिन्यांनी नव्या रंगाखालून फोड काढतो. ते इंचभर हाताने घासा. अजून एक, बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद गॅरेजमध्ये खाली साचून राहते, साधा धुळीचा मास्क तिथे काही कामाचा नाही. काम उघड्यावरच करा, रबराचे साधे हातमोजे पण टिकत नाहीत.

ग्राइंडर वापरायचाच तर दगडी चाक नको, जाळीदार स्ट्रिप डिस्क लावा आणि हात हलता ठेवा. एका जागी थांबलात की पत्रा तापून वाकडा झालाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून सुकं घासताना चांगला मास्क हवाच, आणि पोरांना आसपास फिरकू देऊ नका.

आता सँडब्लास्टिंग. बॉनेट वाकडं झालं की लोक उष्णतेला दोष देतात, पण खरं कारण वेगळंय. प्रत्येक कण पत्र्यावर छोटा हातोडा मारल्यासारखा आपटतो, एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा मधून फुगतो, मग तो सरळ करायला चांगला डेंटर पण कंटाळतो. म्हणून ब्लास्टिंग फक्त जाड आणि वेड्यावाकड्या पार्टला, म्हणजे चाकाच्या रिमा, सस्पेंशनचे आर्म, बिजागऱ्या, गंजलेलं फ्लोअर. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळी बॉडीच एकत्र वेल्ड केलेली, त्यामुळे दरवाज्याखालच्या पोकळ भागात वाळू गेली की गेली, सगळी भोकं आधी बंद करा. सोडा ब्लास्टिंग, म्हणजे वाळूऐवजी सोड्याची पूड मारणं, पत्र्याला हळुवार आहे खरं, पण सोडा नीट धुतला नाही तर प्राइमर सुटतो.

आणि हे सगळं पावसाळ्यात काढू नका राव. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. एक पॅनल मोकळं करा, ग्रीस रिमूव्हरने पुसा, उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर मारा, लांबी त्याच्यावर. नुसतं रेड ऑक्साइड (तो साधा लाल प्राइमर) मारून महिनोन्‌महिने ठेवलेली बॉडी आतून गंजत राहते, ओल त्यातून झिरपते.

डिकीच्या आत, रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे कंपनीचा मूळ रंग सापडला तर तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवा, दुकानात शेड मॅच करायला फोटो उपयोगाचा नसतो.