औषधाने तोंड आलं तर ज्येष्ठमधाच्या गुळण्या कशा कराव्यात

केमोनंतर, म्हणजे कॅन्सरवरच्या केमोथेरपीच्या औषधांनंतर, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी तोंड येतं. गालांची आतली बाजू लाल होते, सोलवटते, मग व्रण पडतात आणि साधा वरणभातही झोंबतो. फाइव्ह-एफयू, मेथोट्रेक्सेट यांसारखी केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि तोंडाचं अस्तर अशाच पेशींचं असतं. वनस्पतींचे उपाय हे मूळ कारण हटवत नाहीत, पण आग शमली की चार घास पोटात जातात, आणि या दिवसांत तेच मोलाचं असतं.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी मात्र घरगुती उपायांआधी डॉक्टरांना फोन करावा. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं असेल, तर तोंडातले व्रण ही विषबाधेची पहिली खूण असू शकते.

ज्येष्ठमधाची भरड एक चहाचा चमचा घ्या. दोन कप पाण्यात मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा. मग दुहेरी सुती फडक्यातून गाळा. बहुतेकांचं इथेच चुकतं: चहाच्या गाळणीतून बारीक तंतू निसटतात आणि व्रणावर कुसळासारखे टोचतात. काढा पूर्ण गार झाल्यावर एक घोट मिनिटभर तोंडात फिरवून थुंका. जेवणानंतर आणि झोपताना, असं दिवसातून चारदा पुरे. गिळू मात्र नका. ज्येष्ठमध जास्त पोटात गेला की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं; बीपीच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे महागात पडतं. काढा रोज ताजा करा, उरलेला रात्री ओतून द्या.

मधल्या वेळेत मीठ-सोड्याच्या गुळण्या कराव्यात: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. ही वनस्पती नव्हे, पण ज्येष्ठमधासाठी ही गुळणी सोडू नका.

मधाचा फायदा तोंड-घशाला रेडिएशन घेणाऱ्यांमध्ये अभ्यासांत दिसला आहे. नुसत्या केमोसाठी पुरावा तोकडा आहे. मधुमेह असेल किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध घेऊ नये. जाईची पानं चघळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एरवी तोंड आलं तर ठीक, पण केमोच्या दिवसांत कच्चं पान नको: त्यावरची माती आणि जंतू उघड्या व्रणात जातात. हळदीच्या कॅप्सूलही स्वतःहून सुरू करू नयेत, त्या केमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात.

लवंगेचं तेल, तुरटी आणि अल्कोहोल असलेले माउथवॉश कटाक्षाने टाळा. व्रणावर त्यांनी आग वाढते. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून वापरा.

जिभेवर किंवा गालात दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते आणि तिला बुरशीवरचं औषधच लागतं. पाणीही गिळता येईना, व्रणातून रक्त येऊ लागलं किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.