अ‍ॅक्वापोनिक्स सुरू करताय? मासे सगळ्यात शेवटी आणा

नेरुळला आमच्या रो-हाऊसच्या मागे दहा बाय आठची जागा आहे, तिथे तीन वर्षं झाली माझं अ‍ॅक्वापोनिक्स चालू आहे, म्हणजे टाकीत मासे आणि त्यांच्याच पाण्यावर मातीशिवाय भाज्या. महापेची नोकरी सांभाळून शिकलो, त्यामुळे कोणी नवीन विचारायला आलं की मी पहिलं हेच सांगतो की मासे आणायची घाई करू नका.

मी केली होती. ५०० लिटरच्या टाकीत थेट नळाचं पाणी भरलं आणि दुसऱ्याच दिवशी ३० कोई कार्प सोडले. चौथ्या दिवशी पहाटे बघतो तर सगळे पाण्यावर येऊन तोंड उघडमिट करतायत, कल्ले लालभडक झालेले. संध्याकाळपर्यंत २२ गेले. आईने कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले, मला बघवत नव्हतं.

मासे जे सोडतात त्यातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट भाज्या खातात. पण हे जिवाणू टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर अमोनिया नि नायट्राइट दोन्ही माशांना विष. म्हणून आता मी पाणी चोवीस तास उघडं ठेवून एअर पंप लावतो म्हणजे क्लोरीन उडतं, मग मासे नसतानाच जिवाणूंना खाणं म्हणून थोडा थोडा अमोनिया घालून रोज टेस्ट किटने बघतो. अमोनियाच्या नळीतला हिरवा रंग पुन्हा पिवळा झाला आणि नायट्राइटचा जांभळा निळा झाला की समजायचं जिवाणू बसले, मगच मासे, तेही आधी आठ-दहाच.

भाज्या ज्या खडीत लावायच्या, तिचं पण बघून घ्या. चार खडे वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता, फेस आला तर त्यात चुना आहे, पाण्याचा पीएच (आम्लता किती ते सांगणारा आकडा) सारखा चढत राहील, ती घेऊ नका. पीएच साधारण ६.८ ते ७.२ ठेवायचा. पुढे सिस्टिम जुनी झाली की उलट तो आपोआप खाली येतो, तेव्हा दिवाळे गावच्या एका कोळी काकांनी दिलेल्या कालवांच्या शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडल्या, त्या हळूहळू विरघळतात आणि पीएच सावरतो. माझ्या मते बाजारातल्या महागड्या पावडरीपेक्षा हे बरं.

पालक, पुदिना, तुळस सुरुवातीला घ्या, टोमॅटो नंतर. पालकाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, चिलेटेड लोह (झाडाला पाण्यातून सहज घेता येईल असं लोह) घाला. पानांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला तर पाण्याने धुऊन काढा, कीटकनाशक अजिबात नको आणि कडुनिंबाचं तेलही नको, कारण ते पाणी परत माशांकडेच जातं. टिलापिया घ्यायचा विचार असेल तर आधी परवानगी काढा. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवशीच घ्या, पावसात लाईट गेली की मासे फार वेळ तग धरत नाहीत.

यात करिअर करायचं असेल तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, त्यांच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. पण नोकरी सोडण्याआधी एक लहान टाकी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही ऋतूंतून स्वतः चालवून बघा, आणि रोजचे आकडे वहीत लिहा. माझी पहिली वही मी अजून उघडून बघतो.