रियाजासाठी जुन्या तबकड्या : आपल्या पट्टीत

बागेश्री रागाची एखादी जुनी तबकडी (ग्रामोफोन रेकॉर्ड) ऐकायची असते, पण शोधल्यावर काहीच सापडत नाही. सापडलीच, तर पट्टी (गाणाऱ्याचा 'सा' ज्या उंचीवर असतो ती) जुळत नाही.

1. इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फक्त ऑडिओचा फिल्टर लावा आणि रागाचं नाव इंग्रजीत स्पेलिंग बदलून टाका: शेवटी 'आय', मग दोन 'ई', मग 'श'च्या जागी नुसता 'एस'. अपलोड करणारा आपापल्या मनाने नाव लिहितो, त्यामुळे एकाच स्पेलिंगवर थांबलं तर बरंच हातचं निसटतं. गायकाच्या आडनावाचंही तेच.

2. उजवीकडच्या डाउनलोडच्या यादीत फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) असेल तर तीच फाइल घ्या. नुसतं ऐकायला एमपी३ पुरते.

3. फाइल ऑडासिटीत उघडा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. 'चेंज पिच'मध्ये सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) किती ते भरा. गाणं काळी चारमध्ये (म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा 'सा') आणि तुमची पट्टी काळी पाच असेल, तर 2. 'चेंज टेम्पो'ने वेग कमी केला तरी सूर हलत नाही. द्रुत ताना उलगडून ऐकायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्यात रागाचा सगळा अर्क असतो, म्हणून नव्या विद्यार्थ्याला तासाभराच्या मैफलीआधी मी हीच सुचवेन.

एक काळजी घ्या: या तबकड्यांचा वेग नेहमी अचूक 78 नसायचा. त्यामुळे फाइलमधला षड्ज ('सा') गायकाचाच असेल असं धरू नका. आधी तो तानपुऱ्याशी ताडून पाहा, मगच सेमीटोन ठरवा.