ल्वारच्या काठाने सायकलवर आणि पायी, घाई न करता

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठी फिरायला जाताय तर सगळ्यात आधी एक काम करा, तुमच्या एक्सेल शीटमधले निम्मे शातो, म्हणजे तिकडचे जुने किल्ले-राजवाडे, उडवून टाका. शातो म्हणजे आपल्या डोक्यात असतो तसा किल्ला नाही, बुरूज-तटबंदी वगैरे शोधायला जाल तर बऱ्याच ठिकाणी राजवाडाच हाती लागेल, आणि असे तीन राजवाडे एका दिवसात बघितले की संध्याकाळी कुठला जिना कुठे होता ते आठवत नाही. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं. दुसऱ्या वेळी आठ दिवसांत फक्त तीन बघितले आणि त्या आठ दिवसांचं मात्र सगळं आठवतंय, अगदी कुठल्या बेकरीत काय खाल्लं ते पण.

ल्वारच्या काठाने साधारण ९०० किमीचा सायकल मार्ग आहे, 'ल्वार आ व्हेलो' म्हणतात, नव्हेर गावाजवळ सुरू होतो आणि थेट अटलांटिकला जाऊन थांबतो. सगळा करायची काहीच गरज नाही. पहिल्यांदा जाताय तर ब्ल्वा ते सोम्यूर एवढाच तुकडा घ्या. आँब्वाज, तूर, व्हिलाँद्री, शिनों, कांद-सां-मार्तां असं करत दीड-पावणेदोनशे किलोमीटर होतात, पुण्यातले आमचे सायकलवाले ते दोन दिवसांत उडवतील, तुम्ही आठ दिवस घ्या. सायकल चालवायच्या दिवशी साधारण ४० किमी. ऐकायला कमी वाटतं पण रस्ता सारखा थांबवतो, मध्येच चेरीची झाडं, मध्येच कोणाच्या तरी घराबाहेर टेबलावर भाज्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, मध्येच नदीत वाळूचं बेट आणि त्यावर पक्ष्यांची शाळा भरलेली.

पॅरिसच्या ऑस्तेरलित्झ स्टेशनवरून ब्ल्वाला ट्रेनने दीडेक तास लागतो. भारतातून सायकल न्यायच्या भानगडीत पडू नका. एका गावात भाड्याने घ्यायची आणि दुसऱ्या गावात सोडायची अशी सोय या पट्ट्यात मिळते, काही दुकानं तुमचं सामान पण पुढच्या मुक्कामी पोचवतात. स्वतःचीच न्यायची असेल तर तिकडच्या फास्ट टीजीव्ही ट्रेनमध्ये सायकल खोलून १३० x ९० सेंटिमीटरच्या बॅगेत बसवावी लागते किंवा सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, तेही सगळ्या गाड्यांना मिळत नाही. लोकल टाइपच्या टीईआर गाड्यांत सोपं आहे, पण सुट्टीच्या सीझनला काही गाड्यांना सायकलची जागा आधी बुक करावी लागते, ते निघायच्या आधी चेक करा. सायकलचं म्हणाल तर रेसिंगवाली नको, टायर ३५ एमएमच्या आसपासचे घ्या कारण नदीकाठचा रस्ता कधी डांबरी, कधी बारीक खडीचा आणि जुन्या गावांत दगडी फरशीचा.

व्हिसासाठी मुक्कामांचं बुकिंग दाखवावं लागतं आणि ३०,००० युरोचं इन्शुरन्स कव्हर लागतं, त्यामुळे 'जिथे मन रमेल तिथे राहू' हे आपल्या पासपोर्टवर जमत नाही. मग उपाय हा की एका गावी एक रात्र बुक करायचीच नाही, दोन रात्री करायच्या. म्हणजे एक दिवस सायकल आणि दुसऱ्या दिवशी तिला कुलूप लावून पायी. आमचा नवरा पहिल्यांदा म्हणाला हा सरळ सरळ वेळेचा अपव्यय आहे, तिसऱ्या दिवसापासून तोच सकाळी आधी बूट घालून तयार. राहायला शाँब्र दोत बघा, म्हणजे कोणाच्या तरी घरातली खोली, सकाळचा नाश्ता भाड्यातच धरलेला. स्वस्तात हवं तर नगरपालिकेचे कँपिंग असतात, तंबू नेला तर मस्त. बोर्डावर 'आक्यॉय व्हेलो' लिहिलेलं दिसलं की तिथे सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची किरकोळ हत्यारं असणार.

आता मुद्द्याची गोष्ट. तिकडे खेड्यातला दिवस तुमच्या किलोमीटरवर चालत नाही, शटरवर चालतो. एकदा रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही एका छोट्या गावात पोचलो, दुकान बंद, हॉटेल बंद, बेकरी तर दुपारीच बंद झालेली, रस्त्यावर एक मांजर सोडून कोणी नाही, रात्री जेवण म्हणजे पुण्याहून आणलेला चिवडा आणि दोन सफरचंदं. तेव्हापासून आमचा नियम ठरला, आधी वार बघायचा मग नकाशा. रविवारी बेकरी आणि बाजार सकाळीच, दुपारनंतर सगळं सुनसान. सोमवारी बरीच दुकानं आणि रेस्टॉरंट सुट्टीवर, त्यामुळे रविवार-सोमवार तूर किंवा सोम्यूरसारख्या मोठ्या गावात काढा. जेवणाचं किचन १२ ला उघडतं आणि दोनच्या आत बंद होतं, अडीचला जाऊन 'काहीतरी द्या हो' म्हटलं तरी कोणी देणार नाही, इथे आपली मिसळवाली मावशी नाहीये. साडेअकराला बेकरीतून बॅगेट म्हणजे फ्रेंच लांब पाव उचलायचा, आठवडी बाजारातून चीज आणि टोमॅटो, आणि नदीकाठी बसून जेवायचं, हे सगळ्यात सेफ आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चविष्ट. मे महिन्यात जाणार असाल तर १ आणि ८ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते तेही बघून ठेवा. बाकी मे, जून, सप्टेंबर हे महिने बेस्ट. जुलै-ऑगस्टला ऊन पण असतं आणि अर्धा फ्रान्स सुट्टीवर निघालेला असतो.

दुकानात शिरल्या शिरल्या 'बाँझूर' म्हणायचं. आधी बाँझूर, मग काय हवं ते. हे विसरलात आणि डायरेक्ट 'वन ब्रेड प्लीज' सुरू केलंत तर समोरची बाई थंड होते, यात रेसिझम वगैरे शोधू नका, आपल्याकडे घरात शिरून कोणी नमस्कार-चमत्कार न करता थेट पाणी मागितलं तर कसं वाटेल तसं आहे ते.

शाकाहारी लोकांसाठी. 'व्हेजितारियें' म्हटलं तरी कधीकधी मासा पुढे येतो, म्हणून 'सां व्हियांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको मासे नकोत असं सरळ सांगा, आणि सॅलड मागवताना 'सां लार्दों' म्हणा नाहीतर वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरवलेले असतात. तूरच्या भागात सांत-मोर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज मिळतं, लांबट, मधोमध गवताची काडी घातलेली, ते खाच. पण कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा की अशी पारंपरिक चीज बनवताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. सोम्यूरकडे डोंगर पोखरून केलेल्या गुहांमध्ये रेस्टॉरंट आहेत, तिथे 'फुए' मिळते. भट्टीत टाकली की टम्म फुगते, अगदी आपल्या फुलक्यासारखी पण जाड, ती फोडून आत पांढऱ्या बीन्सची उसळ, मशरूम किंवा बकरीचं चीज भरायचं. माझी आजी असती तर म्हणाली असती, एवढ्या लांब जाऊन भाकरी-उसळच खाल्लीत ना.

पाणी संपलं की गावाची स्मशानभूमी शोधा. हसू नका, फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो आणि सायकलवाले सगळे तिथेच बाटल्या भरतात. फक्त बोर्ड बघा, 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं नाही. रेस्टॉरंटमध्ये बाटली विकत घ्यायची नाही, 'कराफ दो' मागायचं, नळाचं पाणी जगमध्ये फुकट देतात.

पायी चालायचं तर खुणा शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. झाडावर, खांबावर, भिंतीवर पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे म्हणजे लांब पल्ल्याचा जीआर मार्ग, पिवळा एकच पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, आणि फुली दिसली तर चुकीच्या वाटेला लागलात, मागे फिरा. यातला पहिला जीआर याच नदीकाठी १९४७ साली ऑर्लेआँ ते बोजाँसी असा आखला गेला, जीआर ३. आमची सगळ्यात आवडती चाल म्हणजे कांद-सां-मार्तां. तिथे व्हिएन नदी ल्वारला मिळते, वर टेकाडावर चढून संगम बघायचा, मग शेजारच्या मोंसोरोला जायचं आणि तिथून द्राक्षांच्या मळ्यांतून फोंतव्रोच्या मठापर्यंत पाचेक किलोमीटर. इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टची समाधी तिथे आहे, आणि गंमत म्हणजे हाच मठ पुढे १९६३ पर्यंत तुरुंग होता. आत चांगले दोन-अडीच तास ठेवा, घाईत उरकायची जागा नाही ती.

नदी बघून मोह होतो पण ल्वारमध्ये उतरू नका. वरून शांत दिसते, खाली प्रवाह आणि सरकती वाळू असते. उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर पक्ष्यांची अंडी असतात, तिकडेही जायचं नाही.

रस्त्याचे नियम थोडक्यात: सायकल उजवीकडून चालवायची, आणि बोर्ड नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, खेड्यात ट्रॅक्टर असाच गल्लीतून येतो. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट सक्तीचं. वाईन चाखायची असेल तर ती मुक्कामाला पोचून, कारण दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. सप्टेंबरपासून रानातून चालताना भडक रंगाचे कपडे घाला, शिकारीचा सीझन असतो.

वाऱ्याचं राहिलंच. तिकडे वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो, म्हणजे ब्ल्वाहून सोम्यूरला जाताना तो तोंडावर. वैताग नको असेल तर उलटं करा, सोम्यूरहून निघा आणि ब्ल्वाला संपवा. नदीचा चढ सायकलवर जाणवत पण नाही, वारा मात्र जाणवतो.