लोकलने मैफलीला जाऊन चित्रीकरण करताय? या चुका टाळा

पहिली गफलत गाडी पकडतानाच होते. षण्मुखानंद सभागृहाला जवळचं स्टेशन किंग्ज सर्कल. सीएसएमटीहून हार्बरची पनवेल लोकल दिसली की लोक चढतात, पण ती वडाळ्यानंतर कुर्ल्याकडे वळते. किंग्ज सर्कलला वांद्रे, अंधेरी किंवा गोरेगाव लोकलच हवी. रवींद्र नाट्य मंदिरासाठी प्रभादेवी. तिथे फास्ट थांबत नाही, दादरला गाडी बदला. रविवारी सकाळची मैफल असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा.

तिकीट काढलं म्हणजे चित्रीकरणाची परवानगी मिळाली असं नाही. आयोजक आणि कलाकार, दोघांनाही आधी विचारा. ट्रायपॉड शेवटच्या रांगेमागे लावा. ये-जा करायच्या वाटेत अजिबात नको.

खरं नुकसान होतं ते आवाजाचं. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे आलापात तानपुरा फुगतो आणि तबला सुरू झाला की गळा दबतो. वेगळा रेकॉर्डर न्या: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, ऑटो लेव्हल बंद. आलाप ऐकून लेव्हल लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. द्रुत बंदिशीत तान तार सप्तकात गेली, तबल्यावर तिहाई पडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्वपदावर येत नाही. आलापातले जोरकस स्वर रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 20 डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याला आवाज फाटतो). ऐकायला हळू वाटेल, पण 24 बिटमध्ये तो नंतर खुशाल वाढवता येतो.

सभागृहातल्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून थेट आवाज घेताना रेकॉर्डरचं इनपुट ‘लाइन’वर आहे ना, ते तपासा. ‘माइक’वर राहिलं तर लेव्हल कमी करूनही फाटतंच. शिवाय मिक्सरच्या आवाजात श्रोत्यांची दाद जवळपास नसते, म्हणून दुसऱ्या ट्रॅकवर सभागृहाचा आवाज घ्याच. दादेविना मैफल कोरडी वाटते.

चित्रासाठी सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने 1/60 ला काही दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक पडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर लॉक करा. फोनवर शूट करत असाल तर फ्लाइट मोड.

सेकंदाला 100 मेगाबिटच्या वेगाने व्हिडिओ साठवला तर तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे तीन तासांना 135. 128 जीबीचं कार्ड नेमकं भैरवीला संपतं!

भैरवी सुरू असताना शेवटच्या लोकलच्या धास्तीने सामान आवरू नका. संपायची वेळ आयोजकांना आधीच विचारा. आवराआवर आणि स्टेशनपर्यंतची चाल धरून शेवटच्या गाडीआधी 45 मिनिटं उरत नसतील, तर ट्रायपॉड घरी ठेवून फक्त रेकॉर्डर न्या.

पावसाळ्यात एसी सभागृहातून निघाल्यावर फलाटावर लगेच कॅमेरा उघडू नका. थंड लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा तास पिशवीची चेन बंदच राहू द्या.