चिकुनगुनियाच्या प्रयोगासाठी उंदीर: निवड, मोजमाप, देखभाल

आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात तिथे, पीएचडीचे नवे विद्यार्थी आले की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, उंदीर कधी मिळतील?" मी आधी विचारते, या उंदराकडून तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? एका वाक्यात सांगता आलं नाही, तर अर्ज भरायची घाई करू नका.

कुठला उंदीर चालेल ते त्या उत्तरावरून ठरतं. डेंगीचं उदाहरण घ्या. धडधाकट प्रौढ उंदराला डेंगीचा विषाणू सहसा आजारी पाडत नाही. माणसाच्या पेशीत तो स्वतःच्या एनएस५ या प्रथिनाकरवी पेशीचं स्टॅट२ प्रथिन मोडीत काढतो आणि इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची, हाक दाबून टाकतो. उंदराच्या स्टॅट२पुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून एजी१२९ जातीचे उंदीर वापरतात; त्यांच्यात पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या इंटरफेरॉनची हाक ऐकणारे रिसेप्टर नसतात. औषधाने विषाणू घटतो का, हे त्यांच्यात बघता येतं. लशीचा निकाल मात्र एकट्या त्यांच्यावर सोडू नका, कारण प्रतिकारशक्तीचा मोठा भागच त्यांच्यात लंगडा असतो.

चिकुनगुनिया वेगळा. १९७३ साली बार्शीत याच तापाची साथ आली होती. चिकुनगुनियाच्या प्रयोगासाठी सी५७ ब्लॅक ६ या नेहमीच्या जातीचा साधा उंदीर चालतो. मागच्या पायात लागण केली की पाऊल सुजतं, साधारण सहाव्या-सातव्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, मग ओसरते. माणसाला महिनोन्‌महिने छळणारी सांधेदुखी या सुजेवरून मोजता येत नाही, हे लिहून ठेवा. शिवाय सुईतून गेलेला विषाणू आणि डासाच्या लाळेसोबत गेलेला विषाणू यांना त्वचा सारखा प्रतिसाद देत नाही.

फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जातो. जैवसुरक्षा समितीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. किती उंदीर लागतील याचा हिशेब संख्याशास्त्रज्ञाकडून आधीच करून घ्या; "गेल्या वेळी एवढेच होते" हे कारण समितीपुढे टिकत नाही आणि टिकूही नये.

उंदीर आले की त्यांना आठवडाभर जागेची सवय होऊ द्या. शेपटीला धरून उचलू नका. पारदर्शक नळीत शिरू द्यावं किंवा ओंजळीत घ्यावं. असे हाताळलेले उंदीर कमी घाबरतात, हे २०१० साली प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. घाबरलेल्या उंदराचे आकडे भरवशाचे नसतात.

आता पाऊल मोजणं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सुजलेला भाग मऊ असतो, कॅलिपर (दोन जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) जरा दाबला की सूज कमी दिसते. जबडे त्वचेला नुसते टेकले पाहिजेत. रुंदी आणि जाडी दोन्ही घ्या, दर वेळी पावलाच्या त्याच जागी. लागण करण्याआधीचं माप हवंच, नाहीतर पुढच्या मापांची तुलना कशाशी करणार? मोजणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेवा, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे तिला माहीत नसावं. केजवर रंगीत चिठ्ठ्या लावल्यात तर ते गुपित पहिल्याच दिवशी फुटतं.

रोज सकाळी केज उघडण्याआधी बाहेरूनच बघा. घरटं नीट बांधलंय का? अंगावरचे केस विस्कटलेत का? पाठीला बाक आलाय, डोळे बारीक केलेत, कान मागे ओढलेत, तर तो दुखण्यात आहे. मग वजन करा. प्रयोग कुठे थांबवायचा हे आधी लेखी ठरलेलं असलं पाहिजे. वजनात २० टक्के घट ही मर्यादा सर्रास वापरतात. ती गाठली की पशुवैद्याला तेव्हाच फोन करा. "उद्या बघू" म्हणणं त्या जिवावर अन्याय आहे.

लागणीचा दिवस कॅलेंडर बघून ठरवा. सहावा-सातवा दिवस रविवारी किंवा अनंत चतुर्दशीला येऊ देऊ नका. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि नेमकं तेव्हाच पाऊल सगळ्यात जास्त सुजलेलं असतं. सुट्टीच्या पाळीला येणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर आधीच केजरूमच्या दारावर लावा.