इंग्रजीच्या पेपरात गुण नेमके कशाला मिळतात?

ॲडमिशनची गडबड संपून पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की आठवडाभरात कोणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारतंच, "मॅम, इंग्लिशला गाईड कुठलं घेऊ?" विचारणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली असतात. कळवा, दिघा, कोपरी, कुणी थेट शहापूरहून येणारी. मी ठाण्यातल्या एका डिग्री कॉलेजात अठरा वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. गाईड राहू दे, आधी सिलॅबसची शेवटची दोन पानं वाच.

सिलॅबसची पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर असते, नसेल तर लायब्ररीत मागा. सगळे पहिली पानं उघडतात आणि युनिटची नावं वहीत उतरवून घेतात. शेवटी दिलेला पेपर पॅटर्न कोणी बघत नाही. प्रश्न किती, कुठला किती गुणांचा, लेखी किती, इंटर्नल किती, इंटर्नलमध्ये टेस्ट, असाइनमेंट आणि तोंडी यांची वाटणी कशी, हे सगळं तिथेच असतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पॅटर्न बदललेत, त्यामुळे ताईची किंवा दादाची जुनी वही यासाठी वापरू नका. पास व्हायला लेखी आणि इंटर्नल दोन्हींत वेगवेगळे गुण लागतात का, हे मुद्दाम बघा. समजा पेपर ५० चा आहे, त्यात लेखी ३० आणि इंटर्नल २०, आणि दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. म्हणजे लेखीत १२ आणि इंटर्नलमध्ये ८. लेखीत २५ पडूनही इंटर्नलमध्ये ६ असतील तर केटी लागते, म्हणजे तो विषय राहतो आणि पुन्हा द्यावा लागतो. अशी केटी लागलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी हा नियम निकालाच्या दिवशी कळला होता.

आता मुख्य गोष्ट. इतिहासाच्या पेपरात तुम्हाला काय माहीत आहे ते तपासतात. भाषेच्या पेपरात तुम्हाला काय करता येतं ते तपासतात. युरोपात २००१ साली भाषेच्या पातळ्या ठरवल्या गेल्या, ए-वन पासून सी-टू पर्यंत सहा. आज जगभर त्या वापरतात आणि त्यांचं वर्णनच 'अमुक करू शकतो, तमुक करू शकतो' अशा वाक्यांत आहे. आपल्या पेपरमागेही विचार तोच आहे. म्हणून गाईडमधलं पत्र पाठ करून उतरवलंत आणि प्रश्न दुसऱ्याच पत्राचा असला, तर अक्षर कितीही सुंदर असो, तपासणाऱ्याच्या हातात देण्यासारखं फार काही उरत नाही.

सारांशलेखनाचं उदाहरण घेऊ, कारण सर्वात जास्त गुण मी तिथे वाया जाताना बघते. एकदा वर्गातल्या टेस्टला मी साधारण दीडशे शब्दांचा उतारा दिला होता, आपल्याच ठाण्याचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचा प्रवास. पुढच्या परिच्छेदात, रुळांमुळे आजूबाजूची गावं मुंबईला कशी जोडली गेली आणि रोज दूरवर कामाला जाऊन रात्री घरी परतणं लोकांना कसं शक्य झालं, ते होतं. एक तृतीयांशात, म्हणजे पन्नासेक शब्दांत सारांश आणि शीर्षक द्यायचं होतं. गुण १०.

एका मुलाने तिन्ही इंजिनांची नावं, डबे, पाहुणे, तारीख, सगळं बिनचूक लिहिलं. चाळीस शब्द तिथेच संपले, आणि दुसरा परिच्छेद आलाच नाही. त्याला ३ मिळाले. एका मुलीच्या सारांशातली दोन वाक्यं अशी होती, "द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन एटीन फिफ्टी-थ्री. स्लोली द ट्रेन चेंज्ड हाऊ पीपल लिव्ह अँड वर्क्ड." 'लिव्ह' चुकलं होतं, तिथे 'लिव्ह्ड' हवं, आणि पुढे दोन स्पेलिंगही चुकली होती. तिला ७ मिळाले. मुलगा माझ्याकडे आला, "मॅम, माझी एकपण चूक नाही." खरंच नव्हती. मी त्याला माझा कागद दाखवला. तपासायला बसण्याआधी मी उताऱ्यातले मुद्दे काढून ठेवते. इथे चार होते: पहिली गाडी आली, तो मोठा सोहळा होता, गावं शहराला जोडली गेली, माणसांचं रोजचं जगणं बदललं. त्याच्याकडे दोन होते, तिच्याकडे चारही. शिवाय त्याची वाक्यं उताऱ्यातलीच होती, तिची तिची स्वतःची. सारांशात स्वतःच्या शब्दांना वेगळे गुण असतात, आणि दाखला म्हणून आलेले आकडे आणि नावं सर्वात आधी गाळायची असतात.

म्हणून सारांश असा करा. पहिल्यांदा वाचताना पेन हातात घेऊ नका. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने दोन शब्द लिहा, आणि ते खुशाल मराठीत लिहा: 'गाडी आली', 'लोक बदलले'. प्रश्नपत्रिकेवर काही लिहू देत नसतील तर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'रफ' असं लिहून तिथे लिहा. मग उतारा हाताने झाका, तुमचे शब्द तेवढे दिसू द्या, आणि त्या मराठी शब्दांवरून इंग्रजी वाक्यं करा. उतारा डोळ्यांसमोर असला की हात आपोआप उतरवायला लागतो. शीर्षक सगळ्यात शेवटी, चार-पाच शब्दांचं. शीर्षक विसरून गुण घालवणारी मुलं दरवर्षी असतात, म्हणून सारांश संपला की लगेच एकदा वर बघा.

पत्राचं गणित त्यापेक्षा सोपं आहे. समजा गल्लीतले दिवे बंद आहेत म्हणून महापालिकेला पत्र लिहायचंय. पत्ता, तारीख, विषय, मायना आणि शेवट यांचे गुण ठरलेले असतात, ते चुकवू नका. मजकुरात तीन गोष्टी लागतात: काय बिघडलंय, कुठे आणि कधीपासून, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. तिसरी गोष्ट बहुतेक पत्रांत नसते. मुलं एक पानभर त्रास सांगतात आणि 'थँकिंग यू' लिहून मोकळी होतात. दिवे कधीपर्यंत दुरुस्त व्हावेत, आधीच्या तक्रारीचा क्रमांक काय, ते एका वाक्यात लिहा. खऱ्या अर्जात लिहाल तेच परीक्षेत लिहायचं.

व्याकरणाची भीती मात्र कमी करा. मी प्रत्येक चुकीला गुण कापत नाही, आणि माझ्या माहितीतले बहुतेक शिक्षकही कापत नाहीत. अर्थ अडतो का, आणि तीच चूक पुन्हा पुन्हा होते का, हे आम्ही बघतो. आपल्या चुका ठरलेल्या आहेत, कारण त्या मराठीतून येतात. 'मला दोन भाऊ आहेत' हे डोक्यात असतं म्हणून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होतं, तिथे 'आय हॅव' हवं. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट' येतं, नुसतं 'डिस्कस्ड' पुरतं. आणि मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांना जोडच नाही, म्हणून ती सुटतात. या तिन्हींसाठी पेपरची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. सगळं उत्तर पुन्हा वाचत बसू नका, फक्त या तीन चुका शोधा. आपली चौथी चूक कोणती ते तपासून मिळालेल्या टेस्टवरून कळेल, म्हणून टेस्टचे कागद फेकू नका.

तोंडी परीक्षेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मी स्वतः अडले होते. दहावीपर्यंत मी कळव्याच्या मराठी शाळेत शिकले. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत पाठ केलेला विषय सांगून झाल्यावर समोरून एक साधा प्रश्न आला आणि मला तो कळला नाही. मी गप्प राहिले. परीक्षक 'नेक्स्ट' म्हणाले, आणि संपलं. गुण कशाला होते, हे ना आधी कुणी सांगितलं होतं, ना नंतर. म्हणून आता मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते: १० पैकी ४ काय सांगितलंत त्याला, ३ न अडखळता सांगण्याला, २ भाषेला, १ उच्चार समजण्यासारखा आहे का त्याला. तुमच्या कॉलेजात वाटणी वेगळी असेल. शिक्षकांना सरळ विचारा, विचारण्यात काही गैर नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तोंडी भागातही ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष असतात आणि चौघांचं वजन सारखं असतं. उच्चार म्हणजे गोऱ्या माणसासारखं बोलणं, असं कुठेच लिहिलेलं नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, एवढंच.

प्रश्न कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" हे वाक्य वापरा. त्याला गुण कापत नाहीत. उलट, संवाद चालू ठेवता येतो हे त्यातून दिसतं. शब्द आठवला नाही तर त्याचं वर्णन करा. एका मुलाला 'पूल' म्हणून 'ब्रिज' हा शब्द आठवेना, तो म्हणाला, "द रोड ओव्हर द क्रीक." मी त्याला पूर्ण गुण दिले.

दिघ्याहून येणारी एक मुलगी पहिल्या सत्रात 'माय एम इन लाइफ' धडाधडा बोलली. मी विचारलं, "हाऊ डिड यू कम टुडे?" ती थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅम, आज गाडी लेट होती." उत्तर तिच्याकडे होतं, वाट तेवढी मराठीतून जात होती. मी तिला एकच काम दिलं. रोज गाडीत बसल्यावर खिडकीतून दिसेल ते मनात इंग्रजीत सांगायचं, एका वेळी पाच वाक्यं. आणि स्टेशनची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते, त्यातली इंग्रजी नीट ऐकायची, ऐकण्याच्या परीक्षेचीही तयारी होते. दिघा ते ठाणे मधे एकही स्टेशन नाही, त्यामुळे वेळ थोडाच, पण रोजचा. दुसऱ्या सत्रात मी तोच प्रश्न मुद्दाम विचारला. ती दीड मिनिट बोलली: गर्दी, दारात उभी असलेली भाजीवाली, भिजलेली ओढणी. दोन ठिकाणी काळ चुकला. मी १० पैकी ८ लिहिले.

असाइनमेंटबद्दल थोडक्यात. एआयकडून लिहून आणलेलं आम्हाला कळतं, आणि नाही कळलं तरी त्याच असाइनमेंटवर दोन प्रश्न विचारले की कळतं. स्वतः लिहा, मग हवं तर त्याला चुका दाखवायला सांगा आणि त्या चुका वहीत उतरवा. तेवढा उपयोग चांगला आहे.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला तर थेट रिव्हॅल्युएशनचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज टाकू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे. अर्जाची शेवटची तारीख कॉलेजच्या परीक्षा विभागाबाहेर लागते, निकालाच्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. कॉपी हातात आली की तीन गोष्टी बघा: बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आणि सप्लिमेंट, म्हणजे जादा घेतलेली पुरवणी, जोडलेली आहे का. यातलं काही चुकलं असेल तर त्यावर बोट ठेवून अर्ज करा. सगळं बरोबर असेल, तर ती कॉपी घेऊन तुमच्या शिक्षकांकडे जा आणि प्रत्येक प्रश्नात गुण कुठे गेले ते समजून घ्या. सोबत पेन्सिल न्या.